तीळ आणि गूळ

आमच्या लहानपणी वसईच्या घरात उंदराचा पिंजरा हा पाट्या-वरवंट्याइतकाच हक्काचा जिन्नस होता. माळ्यावर भात, कोपऱ्यात नारळ, दोरीवर सुके बोंबील. मग उंदीर येणारच. रात्री निजण्यापूर्वी वडील पिंजऱ्याच्या आकड्याला भाजलेल्या खोबऱ्याचा तुकडा लावीत आणि सकाळी त्यात उंदीर सापडलेला असला की पुढचे काम माझे असे. अंगणातल्या पिंपात पिंजरा बुडवायचा, मनात शंभरपर्यंत आकडे मोजायचे आणि मग तो वर काढायचा. त्यात काही निर्दय आहे असे मला कोणी सांगितले नव्हते आणि माझ्याही मनात ते कधी आले नव्हते. १८९६ साली मुंबईत शिरलेल्या प्लेगच्या कथा आजीने तिच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या होत्या. उंदीर म्हणजे नासाडी आणि उंदीर म्हणजे रोग, एवढेच आमचे त्या प्राण्याविषयीचे ज्ञान.

तोच मी, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, डिसेंबरातील एका कडाक्याच्या रात्री इंग्लंडमधील एका घरात मांडीवर गरम पाण्याची पिशवी आणि तिच्यावर टॉवेलात गुंडाळलेला एक उंदीर घेऊन पहाटेपर्यंत जागत बसलो होतो. हे कसे घडले, ते सांगण्यासाठी हा लेख.

पत्नीच्या निधनानंतर घर खायला उठे. लेस्टर शहरात परिचारिका असलेल्या माझ्या मुलीने आग्रह केला आणि २०२३च्या ऑक्टोबरात मी सहा महिन्यांसाठी तिच्याकडे गेलो. नातू तेव्हा बारा वर्षांचा होता. आजोबा आले म्हणून त्याने मोठ्या कौतुकाने मला आपल्या खोलीत नेले आणि उंच, तारांच्या दुमजली पिंजऱ्यातून दोन उंदीर काढून स्वतःच्या खांद्यावर बसवले. मी दारातच थबकलो. एक काळ्या डोक्याचा, पाठीवर काळे ठिपके असलेला. त्याचे नाव तीळ. दुसरा तांबूस तपकिरी. त्याचे नाव गूळ. नावे मुलीने ठेवली होती. दोघेही नर, एका आईचे, एप्रिलमध्ये जन्मलेले.

“पप्पा, त्याला मित्र कमी आहेत. शाळेतून आला की या दोघांशीच बोलतो. काही दिवस सहन करा,” मुलगी हळूच म्हणाली.

मी सहन करू लागलो आणि सहन करता करता शिकूही लागलो. हे उंदीर म्हणजे आपल्या माळ्यावरचा काळा उंदीर नव्हेत आणि गटारातली घूसही नव्हे. तपकिरी उंदराची जी जात जगभर पसरली, तिचे माणसाने पिढ्यानपिढ्या घरात वाढवलेले हे वंशज. व्हिक्टोरिया राणीच्या काळी लंडनमध्ये जॅक ब्लॅक नावाचा उंदीर पकडणारा होता. पकडलेल्या उंदरांतून निराळ्या रंगाचे उंदीर तो बाजूला काढी, त्यांची पैदास करी आणि हौशी लोकांना विकी. १९०१ साली मेरी डग्लस नावाच्या बाईंनी एल्सबरी येथील प्रदर्शनात आपला पाळीव उंदीर मांडला आणि पारितोषिक मिळवले. १९७६ साली तर त्या देशात उंदीर पाळणाऱ्यांची स्वतंत्र राष्ट्रीय संस्थाच स्थापन झाली. मुलांसाठी सशांच्या कथा लिहिणाऱ्या बिअ‍ॅट्रिक्स पॉटर यांनीही पांढरा उंदीर पाळला होता. म्हणजे माझ्या नातवाचे वेड त्या भूमीत जुनेच होते. नवखा होतो तो मी.

उंदीर एकटा राहू शकत नाही, त्याला स्वजातीचा सोबती लागतोच, हे मला तेथे कळले. सुखावला की तो दात दातांवर हलके घासतो आणि त्या हालचालीने त्याचे डोळे आत-बाहेर थरथरतात. डोळ्यांभोवती कधी लालसर पाणी दिसते. ते रक्त नसते, डोळ्यामागच्या ग्रंथीचा तो स्राव असतो. मात्र तो वाढला तर ताण किंवा आजार ओळखावा. अशा गोष्टी नातू मला शाळेतल्या मास्तरासारखा समजावून सांगे आणि चौतीस वर्षे मास्तरकी केलेला मी मुकाट्याने ऐके.

३ नोव्हेंबरला संत मार्टिन दी पोरस यांचा सण आला. त्या निमित्ताने मीही त्याला माझ्याकडची एक गोष्ट सांगितली. पेरू देशातील लिमा नगरात १५७९ साली जन्मलेला हा संत एका स्पॅनिश सरदाराचा आणि गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय स्त्रीचा मुलगा. न्हाव्याची आणि जखमा बांधण्याची विद्या शिकून तो डोमिनिकन मठात सेवक म्हणून राहिला. मठातले उंदीर कापड कुरतडू लागले, तेव्हा इतरांनी विष घालायचे ठरवले. मार्टिनने म्हणे एका उंदराला धरून समजावले की तुम्ही सगळे बागेत जा, तुमचे खाणे मी रोज आणून देईन. आणि उंदीर रांगेने बाहेर पडले. १९६२ साली पोप तेविसावे जॉन यांनी त्यांना संतपद बहाल केले. चित्रांत त्यांच्या पायाशी कुत्रा, मांजर आणि उंदीर एकाच ताटलीतून खाताना दाखवतात. नातू खूश झाला. त्या रात्री त्याने प्रार्थनेत तिळाला आणि गुळाला संत मार्टिनच्या हवाली केले.

पुढच्या तीन आठवड्यांत तो तीळ पार पालटला.

प्रथम तो पिंजऱ्याच्या कडांना अंग घासू लागला आणि जागोजागी मूत्राचे थेंब टाकून आपली हद्द आखू लागला. पाठीची कातडी तेलकट, नारिंगी झाली. मग अंगावरचे केस फुलवून, पाठीची कमान करून, खेकड्यासारखा आडवा आडवा चालत तो गुळाच्या अंगावर जाऊ लागला. नाकातून फुसफुस आवाज काढी. गूळ उताणा पडून शरण जाई, तरी तीळ त्याला सोडीत नसे. एका सकाळी गुळाच्या पाठीवर रक्त दिसले. त्याच संध्याकाळी दोघांची झुंज सोडवायला मी नकळत हात घातला आणि तिळाने माझ्या तर्जनीचा कडकडून चावा घेतला.

मुलीने जखम साबणाच्या वाहत्या पाण्याखाली कितीतरी वेळ धरली. उंदराच्या चाव्यातून ताप उद्भवू शकतो, म्हणून दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनाही दाखवले. बोट बरे झाले. परंतु त्या वेदनेच्या भरात माझ्या तोंडून जे निघाले ते तितक्या सहज भरून येणारे नव्हते. “शेवटी जात उंदराचीच! फेकून दे तो बाहेर. माझ्या घरी असता तर पिंपात बुडवला असता.”

नातवाने माझ्याकडे पाहिले. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, भीती होती. आणि ती तिळाची नव्हती, माझी होती. जाड कापडी मोजा घालून त्याने तिळाला उचलले, वेगळ्या पिंजऱ्यात ठेवले आणि खोलीचे दार लावून घेतले. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या खोलीच्या दाराशी उभा राहून त्याने विचारले, “आजोबा, तीळ वाईट आहे का?”

शिक्षकाला प्रश्न टाळता येत नाही. मला टाळावा लागला. त्याच क्षणी मला एक दुसराच चेहरा आठवला होता.

१९८७ साल असेल. आठवीच्या वर्गातील एक शांत मुलगा त्या वर्षी एकाएकी दांडगा झाला. मुलांना मारी, बाके ढकलून देई. एके दिवशी त्याने खडूची पेटी फळ्यावर भिरकावली. मी त्याला वर्गासमोर उभे केले आणि हात सुजेपर्यंत छड्या मारल्या. तो रडला नाही. पुढच्या आठवड्यापासून तो शाळेत आला नाही, तो कायमचाच. त्या दिवसांत त्याच्या घरी रोज रात्री दारू आणि मारहाण चालली होती, हे मला वर्षभराने कळले. मी त्याला शिक्षा दिली होती. कारण विचारले नव्हते.

“चल, वैद्याला विचारू या,” मी नातवाला म्हणालो. माझ्याजवळ तेवढेच उत्तर होते.

पशुवैद्य बाईंनी तिळाला तपासायला बराच वेळ घेतला. आधी दात पाहिले, कान पाहिले, छातीला नळी लावली, पोट चाचपले. दुखणे असेल तरी प्राणी चावतो, म्हणून प्रथम दुखणे नाही ना हे पाहायचे, असे त्यांनी सांगितले. मग त्यांनी जे समजावले ते मी माझ्या शब्दांत देतो.

नर उंदीर पाच-सहा आठवड्यांचा झाला की जननक्षम होतो. परंतु त्याच्या स्वभावाची खरी परीक्षा पाच ते दहा महिन्यांच्या काळात होते. वृषणांतून स्रवणारे पुरुषत्वाचे संप्रेरक त्या वेळी जोरात असते. बहुतेक नर हा काळ थोड्या धक्काबुक्कीवर निभावून नेतात आणि आयुष्यभर गुण्यागोविंदाने नांदतात. म्हणून प्रत्येक नराची शस्त्रक्रिया करण्याचे कारण नाही. काहींच्या अंगात मात्र ते वादळ मावत नाही. केस फुलवणे, आडवे चालणे, अंग घासणे, रक्त काढणे ही त्याची लक्षणे. अशा नराला मारले, ओरडले, टिचकी दिली तर तो माणसालाही शत्रू समजतो. राग शमत नाही, त्यात भीतीची भर पडते. त्याला कायमचा एकटा ठेवला तर एकांत त्याला पोखरतो. उरतो तो उपाय निर्बीजीकरणाचा, म्हणजे आपल्याकडील शेतकरी ज्याला खच्ची करणे म्हणतात त्याचा. त्वचेखाली औषधाची कांडी घालून संप्रेरक काही काळ दाबताही येते. परंतु आरंभी ते उलट वाढू शकते आणि परिणाम कायमचा नसतो.

“ही शस्त्रक्रिया संप्रेरकाचा राग घालवते, भीतीने चावण्याची सवय घालवत नाही,” बाई म्हणाल्या. “तुमचा तीळ भित्रा नाही, त्यामुळे मला आशा आहे. पण एवढ्या लहान जिवाला भूल देण्यात धोका असतोच. निर्णय तुमचा.”

खर्च सांगितला एकशे वीस पौंड. मी मनात गुणाकार केला. बारा हजार रुपयांच्या वर. आमच्या धर्मग्रामातील संत विन्सेंट दी पॉल सोसायटी तेवढ्या पैशांत एखाद्या विधवेच्या घरचे कित्येक महिन्यांचे धान्य भरते. दोन पौंडांना घेतलेल्या खाऊवर जगणाऱ्या उंदरासाठी एवढा खर्च? शिवाय मनात आणखी एक बोचणी होती. १९७६ साली आणीबाणीत नसबंदीचे जे वारे सुटले होते, ते मी तरुणपणी पाहिले होते. देहाच्या त्या दानावर माणसाने घाला घालू नये, ही आपल्या पवित्र सभेची शिकवण मी पुढे धर्मशिक्षणाच्या वर्गात वर्षानुवर्षे दिली होती. आता उंदरावर तोच प्रयोग करायला मी संमती देणार होतो.

त्या रात्री मी वसईतील एका धर्मगुरूंना दूरध्वनी केला. हसतील असे वाटले होते; ते हसले नाहीत. म्हणाले, “सर, माणसाच्या देहाविषयीचा नियम हा माणसाच्या स्वातंत्र्याशी आणि त्याच्या वचनाशी बांधलेला आहे. उंदराने कोणाला वचन दिलेले नाही. त्याला संयम पाळता येत नाही, म्हणून त्याचा भार पाळणाऱ्यावर येतो. तुमचे वडील बैल खच्ची करीत, तेव्हा त्यांनी पापनिवेदन केले होते काय? विचार करा तो एवढाच, की हे कोणाच्या भल्यासाठी चालले आहे.” १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथॉलिक धर्मशिक्षणग्रंथातील २४१५ ते २४१८ हे परिच्छेद वाचायलाही त्यांनी सांगितले. मी वाचले. प्राण्यांना विनाकारण यातना देणे हे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, असे तेथे आहे. आणि माणसांच्या दैन्यनिवारणासाठी जो पैसा आधी खर्च व्हायला हवा तो प्राण्यांवर उधळणेही शोभत नाही, असेही तेथेच आहे. एकाच पानावर माझ्या दोन्ही शंका शेजारी शेजारी बसल्या होत्या.

वडिलांच्या बैलाची आठवण मात्र मला झोपू देईना. आमच्या वाडीतल्या रहाटाला जुंपायचा खोंड माझ्यासमोर खच्ची केला होता. चार जणांनी त्याला दोरांनी बांधून पाडले. ना भूल, ना औषध. त्याचा हंबरडा शेजारच्या वाडीत ऐकू गेला. सहा महिन्यांनी तो शहाण्यासारखा रहाट ओढू लागला आणि सर्वांनी वडिलांचे कौतुक केले. तेव्हा बैलाचे भले कोणी पाहिले होते? आम्हाला पाणी हवे होते. येथे निदान प्रश्न तिळाचा होता, गुळाचा होता आणि एका एकाकी मुलाचा होता.

पैशाचा प्रश्न नातवानेच सोडवला. नाताळची भेट म्हणून त्याला सायकल मिळायची होती. “यंदा सायकल नको,” तो आईला म्हणाला. त्याचे ते वाक्य ऐकून मी माझ्या खोलीत गेलो आणि वसईच्या सोसायटीला तेवढीच रक्कम पाठवायची असे ठरवून टाकले. मुलाने आपल्या सुखातून दिले होते; मीच तेवढा हिशेब करीत बसलो होतो.

आगमनकाळाच्या दुसऱ्या आठवड्यात शस्त्रक्रिया झाली. माणसाला भूल देण्यापूर्वी उपाशी ठेवतात. उंदराला ठेवत नाहीत. त्याला ओकारी होतच नाही आणि एवढासा जीव उपाशी राहिला तर उलट खचतो. नळीतून येणाऱ्या वायूने भूल दिली गेली. उंदराच्या जांघेतील वाट जन्मभर उघडी असते. वृषण काढल्यावर तीतून आतडे खाली उतरू नये, म्हणून ती वाट काळजीपूर्वक बंद करावी लागते. वरचे टाके कातडीच्या आत लपवतात, कारण दिसला टाका की उंदीर तो कुरतडणारच. सारा वेळ त्याला ऊब द्यावी लागते. देह लहान, उष्णता लवकर निघून जाते. संध्याकाळी तीळ घरी आला. डोळे उघडे, पण पाय लटपटते. भुश्याचे कण जखमेला चिकटू नयेत म्हणून पिंजऱ्यात जुने सुती कापड अंथरले. वेदनाशामकाचे गोड थेंब लिहून दिले होते.

त्या रात्री मुलीला रुग्णालयात पाळी होती. नातू दहा वाजेपर्यंत बसला आणि बसल्या जागीच झोपला. तिळाने काही खाल्ले नव्हते. मी त्याला टॉवेलात गुंडाळले, मांडीवर गरम पाण्याची पिशवी ठेवली आणि कुस्करलेले केळे करंगळीच्या टोकाला लावून त्याच्या तोंडाशी धरले. ज्या हाताचा त्याने चावा घेतला होता तोच हात. बराच वेळ त्याने तोंड फिरवले. बारा वाजले, एक वाजला. टॉवेलातून त्याच्या काळजाची धडधड माझ्या तळहाताला लागत होती. इतकी जलद, की मोजता येईना. मला पिंप आठवले. शंभरपर्यंत मोजणारा मुलगा आठवला. तेवढ्या वेळात त्या पाण्याखाली किती वेळा धडधडत असेल, हा हिशेब मी त्या रात्री आयुष्यात पहिल्यांदा मांडला आणि अर्ध्यावर सोडला.

मी जपमाळ हाती घेतली. माळेचे तिसरे रहस्य चालू असताना माझ्या करंगळीला काहीतरी ओलसर, खरखरीत लागले. तीळ केळे चाटत होता.

पलीकडच्या पिंजऱ्यात गूळही जागा होता. तारांपाशी, तिळाच्या दिशेला तोंड करून तो बसला होता. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग नातवाने मला सांगितला होता. नळीत कोंडलेल्या सोबत्याला सोडवण्यासाठी मोकळा उंदीर दार उघडायला शिकतो. शेजारी चॉकलेट ठेवले तरी सोबत्याला सोडवतो आणि पुष्कळदा चॉकलेट त्याच्याबरोबर वाटूनही खातो. तेव्हा मी ते हसण्यावारी नेले होते.

सहाव्या दिवशी जखमेपाशी गाठ आली. नर उंदरांत या शस्त्रक्रियेनंतर गळू होण्याचा संभव असतोच. पुन्हा वैद्यबाई, प्रतिजैविक, दिवसातून तीन वेळा कोमट मिठाच्या पाण्याचा शेक. तो शेक नाताळच्या दिवशीही मीच दिला. गळू निवळले.

शस्त्रक्रिया झाली म्हणजे स्वभाव दुसऱ्या दिवशी पालटतो असे नाही. संप्रेरक ओसरते, परंतु अंगवळणी पडलेली वागणूक ओसरायला आठवडे लागतात. कधी दोन महिनेही लागतात. तेवढा काळ आम्ही दोन पिंजरे तोंडाला तोंड न पोहोचेल अशा बेताने शेजारी ठेवले. एकाच्या पिंजऱ्यातले अंथरूण दुसऱ्याच्या पिंजऱ्यात घालायचे, म्हणजे वासाची ओळख टिकते. पिंजरा धुताना सगळा वास पुसून टाकायचा नाही. थोडे जुने कापड तसेच ठेवायचे, नाहीतर नर पुन्हा नव्याने हद्दी आखू लागतो. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात न्हाणीघरातल्या कोरड्या टबात टॉवेल अंथरून दोघांची प्रथम भेट घडवली. ती जागा कोणाच्याच मालकीची नव्हती. नातवाच्या हाती जाड मोजा, माझ्या हाती मोठा टॉवेल. नियम असा, की एकाने दुसऱ्याला उताणे पाडून त्याचे अंग चाटले, थोडे चीत्कार झाले, तर मध्ये पडायचे नाही. त्यांची उतरंड त्यांना लावू द्यायची. केस फुलले, अंगे गुंतून गोळा झाला, तरच टॉवेल टाकायचा. उघडा हात कधीच घालायचा नाही.

पहिल्या दिवशी तीळ थोडा फुगला. दुसऱ्या दिवशी कमी. सातव्या दिवशी त्याने गुळाच्या कानामागे चाटायला सुरुवात केली आणि गूळ दात घासत डोळे मिटून पडला. मग पिंजरा घासूनपुसून नव्याने मांडला. खाण्याच्या वाट्या दोन, झोपायच्या झोळ्या तीन, लपायच्या खोक्यांना दोन दोन दारे, म्हणजे पळायला वाट राहावी आणि कोणी कोपऱ्यात कोंडला जाऊ नये. दाणे वाटीत घालण्यापेक्षा पिंजराभर विखरून टाकायचे, म्हणजे भांडायला ढीगच उरत नाही. १४ फेब्रुवारी २०२४ला राखेचा बुधवार होता. कपाळावर राख लावून आम्ही चर्चमधून परतलो तेव्हा दोघे एकाच झोळीत एकमेकांवर मान टाकून झोपले होते.

त्या संध्याकाळी मी नातवाला त्याच्या प्रश्नाचे उत्तर दिले. “तीळ वाईट नव्हता, बाळा. त्याच्या अंगात जे चालले होते ते त्याला थांबवता येत नव्हते. मला माझे थांबवता येते. तरी त्या दिवशी मी बोललो. वाईट झाले ते माझ्याकडून.” त्याने काही म्हटले नाही. तिळाला काढून माझ्या मांडीवर ठेवले.

मार्चअखेर मी वसईला परतलो. परतल्यावर मी उंदरांचा भक्त झालो, असे वाचकांनी समजू नये. माळ्यावरचा रानटी उंदीर लेप्टोचा रोग आणतो, धान्य नासतो. त्याचा बंदोबस्त करावाच लागतो. परंतु मी भोके सिमेंटने बुजवली, धान्य पत्र्याच्या डब्यांत भरले. आणि नाइलाजच झाला तर झटक्यात प्राण घेणारा चाप लावतो. जुना पिंजरा मी मोडीत दिला. पिंपात आता फक्त पाणी असते.

दुसरे एक काम राहिले होते. मे महिन्यात एका लग्नात मला तो आठवीतला मुलगा भेटला. केस पांढरे झालेले, पन्नाशी ओलांडलेला. मी त्याला मांडवाबाहेर नेले आणि जे म्हणायचे होते ते म्हटले. तो बराच वेळ जमिनीकडे पाहत होता. मग म्हणाला, “उशीर केलात, सर.” थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, “पण आलात.” एवढेच. त्याने मला क्षमा केली की नाही, ते मी विचारले नाही.

पाळीव उंदराचे आयुष्य दोन ते तीन वर्षांचे. २०२५च्या मार्चमध्ये गूळ फुफ्फुसाच्या विकाराने गेला. तिळाला एकटे ठेवायचे नाही म्हणून नातवाने त्याच्या सोबतीला दोन वयस्क माद्या आणल्या. तीळ निर्बीज असल्याने पिलांची चिंता नव्हती. एरवी एकवीस ते तेवीस दिवसांत घर भरून गेले असते. आयुष्याचे शेवटचे पाच महिने तो त्या दोघींच्या मधोमध झोपून राही. ऑगस्टात तोही गेला.

नातू आता चौदा वर्षांचा झाला आहे. ओठांवर लव आली आहे, आवाज फुटला आहे. दारे आपटतो, उलट बोलतो. “पप्पा, हा पूर्वीचा राहिला नाही हो,” मुलगी फोनवर रडकुंडीला येऊन सांगते. मी तिला सांगतो, “थांब. हात उगारू नकोस, कोपऱ्यातही कोंडू नकोस. पळायला एक दार उघडे ठेव. आणि कारण विचार.” कारण हा उंदीर नव्हे, याला संयम शिकता येईल, क्षमा मागता येईल, वचन देता येईल. त्याला लागेल तो फक्त वेळ, आणि वेळ देणारे कोणी.

परवा त्याने स्वतःच फोन केला. आईवर ओरडलो होतो, नंतर तिच्यापाशी जाऊन बसलो, एवढे त्याने सांगितले. मग थोडा वेळ आम्ही दोघे तिळाविषयी बोललो.